तुपाची लेखी पोच

हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या. कारण ही हकीकत सांगताना अर्ध्या वाटेवर माझं स्वतःचंच हसू जातं, असा आजवरचा अनुभव आहे.

गाढवपणा मी आयुष्यात भरपूर केला. आमच्या हिच्या मते दिवसाला एक. पण बाकीचे सगळे तोंडी होते हो! हा एकच असा, की जो मी वळणदार अक्षरात, तारीख घालून, खाली सही ठोकून पोलिसांच्या हवाली केला. मागे घ्यायची सोयच ठेवली नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली. आम्ही ठाण्याला राहायचो. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता. वडील लवकर गेलेले. मी शाळेत मास्तर, मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवायचो. ठाणं तेव्हा एवढंसं होतं. बाळकुमकडे निघालं की घरं संपायची आणि भातशेतं, मिठागरं सुरू व्हायची. दारूबंदी लागू झालेली, आणि त्याबरोबर खाडीच्या अंगाला हातभट्ट्याही लागू झालेल्या! त्या कोणाच्या आशीर्वादाने चालतात, यावर गावात रोज संध्याकाळी चर्चा व्हायची. पोलीस म्हटला की खाणारच, हे आम्ही सगळे धरून चाललेलो. सूर्य पूर्वेला उगवतो तसं.

आता, कुठली चौकी आणि कुठला फौजदार ते मात्र विचारू नका. त्यांची नातवंडं आज माझ्या ओळखीत आहेत.

तर झालं असं, की वसंताची सरकारी कचेरीत कारकून म्हणून निवड झाली. आईने देवापुढे साखर ठेवली. पण नेमणुकीचा कागद हातात यायच्या आधी पोलिसांकडून चालचलणुकीचा रिपोर्ट जावा लागायचा. आणि इथेच घोडं अडलं. कारण वसंता गुन्हेगार होता!

होय. एकदा बिनदिव्याची सायकल चालवताना पकडला गेलेला. दंड भरून सुटलेला. आमच्या घराण्यातला तेवढाच एक आरोपी.

एके दिवशी मी शाळेतून आलो, तो मागच्या दाराने. स्वयंपाकघरात आई पदर तोंडाला लावून उभी. मला बघून तिने नुसता बाहेर हात केला. ओटीवर खाकी कपडे दिसले. एक हवालदार बसलेला, समोर वसंता. मी पडद्याआड थांबलो. चोरून ऐकायला नव्हे हो, चपला काढायला! पण कान काही काढून ठेवता येत नाहीत.

हवालदार म्हणत होता, "...दोन झाली की बस. पण वजनदार बघा हां! हलकीसलकी वर चालत नाहीत."

"आणि सायकलचं?" वसंताने विचारलं.

"ते सोडा. ते मी बघून घेतो."

झालं! मला काय ऐकायचं राहिलं? दोन. वजनदार. सायकलचं मी बघून घेतो. याहून उघड माणूस काय बोलणार? फळ्यावर लिहून दाखवणार?

मी बाहेर आलो. हात जोडले. "चहा घेणार ना?"

"नको, मास्तर. ड्यूटीवर हाय."

मनात म्हटलं, चहावर भागणारं गिऱ्हाईक नाही हे. वरवर विचारलं, "आपलं नाव?"

"घाग. रामजी घाग."

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? आडनावच घाग, म्हणजे पक्का मुरलेला! मिश्या पिकलेल्या, आवाज खर्जातला, आणि नजर अशी, की समोरच्याने न केलेलेही गुन्हे कबूल करावेत.

तो गेल्यावर मी वसंताला विचारलं, "काय म्हणाला रे?"

"काही नाही, दादा. मी करतो ते."

मी करतो ते! याच्याकडे आहे काय करायला? मला वाटलं, पोरगं लाजतंय. मोठ्या भावावर ओझं नको म्हणून गप्प बसतंय. माझे डोळे भरून आले. पुढचं एक वाक्य विचारायचं, ते मी भरलेल्या डोळ्यांनी गिळून टाकलं. ते वाक्य विचारलं असतं ना, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

रविवारी मी कल्याणला मामाकडे गेलो. मामाचं सगळं आयुष्य कचेरीच्या आवारात अर्ज लिहिण्यात गेलेलं. सरकार म्हणजे त्याच्या हातचा मळ. त्याला सगळं सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं.

"दोन म्हणाला?"

"दोन."

"आणि वजनदार."

"हो, मामा. हलकं चालत नाही म्हणाला."

मामाने डोळे उघडले. "गोविंदा, तूप रे! साजूक तूप. हल्ली शहरात मिळतंय कुठे? सगळीकडे डालडा. पैसे घेतले तर पकडला जाईल, म्हणून माल मागतोय. मुरलेला दिसतो."

"त्याचं आडनाव घाग आहे, मामा."

"मग बोलायलाच नको!"

मुरबाडच्या बाजूला मामाची ओळख होती. आठवड्याच्या आत दोन डबे आले. भरगच्च, झाकणं कथलाने झाळून बंद केलेले, उचलताना खांदा खाली जाईल असे. वसंताला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. मामा म्हणाला, पोरगं तत्त्वाचं आहे, उगाच घोळ घालेल. आईला मात्र कळलं. ती म्हणाली, "गोविंदा, हे बरं नव्हे." मी म्हटलं, "आई, जगात असंच चालतं." नागरिकशास्त्राचा मास्तर म्हणाला हे!

भर दुपारी, दोन हातात दोन डबे घेऊन, मी पोलीस लाइनीत पोचलो. येताना जो भेटेल तो डब्यांकडे बघतोय असं वाटायचं. एका शिपायाने सलाम केला, तर मी डबे पाठीमागे लपवू लागलो. हवालदार कामावर होते. दारात त्यांची बायको आली. हातावर तान्हं मूल. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, आत पडून होती.

"कोन पायजे?"

मी काय काय पाठ केलेलं! 'वसंताच्या कामाचं आहे, साहेबांना सांगा.' पण त्या बाईचा चेहरा इतका साधा, की पाठ केलेलं सगळं विसरलो.

"हे... गावाहून आलंय," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ना? मुरबाड म्हणजे गावच!

बाई एकदम उजळली. "दीरांनी धाडलंन? बाय गो! नातू जाल्याचं पत्र पोचलं म्हनायचं त्यांना. बसा ना, पानी तरी घ्या."

मी पाणी घेतलं नाही. पळालो. रस्त्यात मात्र मला फार हलकं वाटलं. हातातले डबे गेलेले, म्हणून असेल.

मग वाट पाहणं सुरू झालं. चार दिवस, आठ दिवस. नेमणुकीचा कागद येईना. वसंता आपला शांत. "येईल, दादा." मला झोप नाही. डबे पोचले, पण कोणाचे ते हवालदाराला कळलं नसेल तर? सगळं तूप वाया! शेवटी न राहवून मी एका सकाळी शाळेत जाताजाता चौकीवर गेलो.

घाग हवालदार तिथे नव्हते. फौजदारसाहेब होते. अहो, काय माणूस! कडक इस्त्रीचे कपडे, गोरापान चेहरा, बोलणं म्हणजे लोणी. मी मास्तर म्हटल्यावर उठून उभे राहिले. "खुर्ची आणा रे! चहा सांगा. गुरुजी आलेत आपल्याकडे."

पोलिसाने मला कधी गुरुजी म्हटलं नव्हतं. मी विरघळलो.

चहाचा दुसरा घोट घेताना ते म्हणाले, "बोला, काय सेवा?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काही नाही, साहेब. घाग हवालदारांकडे दोन डबे पोचवलेत. भावाच्या रिपोर्टाचं काम होतं ना. त्यांना मिळाले का, एवढंच विचारायचं होतं."

फौजदारांनी कप बशीत ठेवला. इतक्या हळू, की आवाज आला नाही.

"कसले डबे, गुरुजी?"

"साजूक तुपाचे."

"घागांनी घेतले?"

"वहिनींनी घेतले."

"वा! वा वा!" साहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की तूप जणू त्यांनाच मिळालं. "मग काळजी सोडा. फक्त एक करा. एवढं जरा लिहून द्या. म्हणजे पोच राहील."

मी चकितच झालो! म्हटलं, काय कारभार आहे! खाण्यातसुद्धा शिस्त, लाचेलासुद्धा पोच! उगाच आपण यांना नावं ठेवतो. त्यांनी कागद दिला, दौत पुढे केली. मी लिहिलं, 'आज रोजी लिहून देतो की, माझे धाकटे बंधूंचे चालचलणुकीचे रिपोर्टाचे कामी साजूक तुपाचे डबे दोन मी स्वतः घाग हवालदार यांचे राहते घरी पोचते केले, ते त्यांचे कुटुंबाने ताब्यात घेतले.' खाली सही, तारीख, शाळेचं नाव.

फौजदारांनी वाचलं. "काय सुंदर अक्षर आहे हो, गुरुजी!"

मी लाजून म्हटलं, "सवय आहे."

इथपर्यंत हसलात ना? बरं झालं.

तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत शाळेचा शिपाई वर्गात आला. बाहेर कोणी भेटायला आलंय म्हणाला. व्हरांड्यात एक म्हातारा उभा होता. धोतर, बंडी, डोक्याला काही नाही. मी ओळखलंच नाही. खाकी कपडे काढले की माणूस केवढासा होतो!

"मास्तर, मी घाग."

मी काहीतरी पुटपुटलो.

"मला सस्पेंड केला. काल घरी झडती जाली. दोन डबे धरले. एक फोडलेला, एक तसाच." ते मोठ्याने बोलत नव्हते. "मुलगी बाळंतीन हाय घरात. तिच्या खाटेखाली बघितलं शिपायांनी. मीच हाताखाली तयार केलेले शिपाई."

माझ्या हातातल्या खडूचा चुरा झाला होता.

"एवढंच विचारायला आलो. मी काय मागितलं होतं तुमच्याकडे?"

"तुम्ही... तुम्ही म्हणालात, दोन पाहिजेत. वजनदार."

 ते म्हणाले, "मास्तर, सह्या हो! पोराला ओळखनाऱ्या दोन मान्सांच्या सह्या. डॉक्टर, वकील असली वजनदार मान्सं. तुमच्या भावानं दुसऱ्या दिवशी आनून दिल्या. रिपोर्ट त्याच दिवशी गेला वर. चांगला गेला."

"आणि सायकल?"

"दिव्याचा दंड हा काय गुन्हा हाय? मी तो लिवलाच नाय."

म्हणजे मी डबे घेऊन गेलो त्याच्या कितीतरी आधी काम झालेलं होतं. फुकट. सरळ. जसं व्हायला पाहिजे तसं.

मी विचारलं, "पण फौजदारसाहेब तर इतके चांगले..."

घाग हवालदार पहिल्यांदा जरा हसल्यासारखे झाले. खाडीकडच्या एका भट्टीवर त्यांनी कोणाला न विचारता धाड घातली होती. ती भट्टी कोणाची, हे अख्ख्या चौकीला माहीत होतं. तेव्हापासून फौजदार त्यांना काढायला कारण शोधत होते. "सहा महिने शोधत व्हते," ते म्हणाले. "तुम्ही लिवून दिलात."

आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. वसंता ताटावर बसला होता, तो तसाच उठला.

"दादा, नेमकं काय ऐकलंस तू?"

"दोन झाली की बस, वजनदार बघा."

"दोन *झाली*! डबे असते तर 'दोन झाले' म्हणाले असते. वस्तू असत्या तर 'झाल्या'. 'झाली' म्हणजे माणसं! दादा, तू मराठी शिकवतोस ना रे?"

मामा नेमका त्या दिवशी आलेला. तो कोपऱ्यातून म्हणाला, "लुगडीसुद्धा 'झाली'च होतात."

"तू गप्प बैस!" आई त्याच्यावर कडाडली. मामाला गप्प बसवणारं माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "बाळंतिणीच्या ताटातलं तूप, ते लिहून देऊन आलास तू फौजदाराला."

पुढच्या आठवड्यात फौजदारांनी मला बोलावलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा चहा. या वेळी मी कपाला हात लावला नाही.

"गुरुजी, चौकशी आहे. वरचे साहेब येतील. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की घागने मागितलं म्हणून दिलं. नाडलेला माणूस तुम्ही. तुमच्यावर काहीच येत नाही."

"पण त्यांनी मागितलं नाही."

"मग तुम्ही आपणहून दिलं?" त्यांचा आवाज तसाच लोण्यासारखा. "तो गुन्हा होतो, गुरुजी. शाळेला कळवावं लागेल. आणि अशा घरातल्या मुलाच्या चालचलणुकीचा रिपोर्टही पुन्हा बघावा लागेल. बघा बुवा. भावाची नोकरी आहे."

मामाचा सल्ला काय असणार, सांगायला नको. "मागितलं म्हण! एक शब्द तर आहे. तो पोलीस आहे, याआधी कुणाकडून तरी घेतलंच असेल की!"

आणि खरं सांगू? मला ते पटत होतं. रात्री अंथरुणावर पडून मी स्वतःला तेच सांगत होतो. घेतलंच असेल कधीतरी. इतकी वर्षं नोकरी झाली, एकदाही नाही? मिश्या बघा की! म्हणजे मी त्यांना बुडवायचं ठरवत नव्हतो, मी फक्त त्यांच्या नावावर एखादा जुना गुन्हा शोधत होतो. मला बरं वाटावं म्हणून.

सकाळी मी वसंताला म्हटलं, "खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल कदाचित."

तो सायकल पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "गेली तर गेली. पण खोटं बोललास, तर मला कधी सांगू नकोस, की माझ्यासाठी केलंस म्हणून."

चौकशी झाली. वरचे साहेब पांढऱ्या केसांचे, कमी बोलणारे. टेबलावर माझा कागद. बाजूला मुद्देमाल, दोन डबे. एका बाजूला फौजदार, दुसऱ्या बाजूला धोतरातले घाग हवालदार. मी उभा राहिलो. शाळेच्या पोरासारखी हाताची घडी घालून.

"हे अक्षर तुमचं?"

"हो, साहेब."

"हवालदाराने मागितलं?"

"नाही, साहेब. मी आपणहून नेऊन दिलं. ते घरी नव्हते. त्यांच्या पत्नीला मी 'गावाहून आलंय' असं सांगितलं. त्यांना वाटलं, नातलगांनी पाठवलं."

फौजदारांनी घसा खाकरला. साहेबांनी तिकडे पाहिलंही नाही.

"का दिलंत?"

"सगळे देतात म्हणून, साहेब."

"सगळे म्हणजे कोण? एक नाव सांगा."

मी आठवू लागलो. वडील? त्यांनी कधी दिलं नव्हतं. शेजारी? ऐकून होतो, पण त्यांनीही कोणाचं तरी ऐकलेलं. मामा? तो नुसताच सांगायचा.  एकही नाव येईना.

"तुमच्याकडून आजवर एखाद्या पोलिसाने काही घेतलं आहे?"

"नाही, साहेब."

"हं," साहेब म्हणाले. त्यांनी मग फाइल काढली. डॉक्टरांची सही, वकिलांची सही, रिपोर्ट वर गेल्याची तारीख. माझ्या कागदावरची तारीख. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.  मग डबे उघडायला सांगितले.

फोडलेला डबा उघडला. बराच उतरलेला. ठीक आहे, बाळंतीण घरात. दुसरा उघडला. झडतीत झाळलेला मिळाल्याची नोंद होती. तो अर्धा!

साहेबांनी आत वाकून पाहिलं. "हा चौकीत होता ना? हे कमी कसं झालं?"

 कोपऱ्यातला एक शिपाई म्हणाला, "उंदीर, साहेब."

"उंदरांनी झाळ काढली?"

त्या खोलीत मी एकटाच हसलो असेन. तेही चुकून, घाबरून. घाग हवालदार समोरच्या भिंतीकडे बघत होते.

तुम्हाला वाटेल, झालं! सत्य जिंकलं, फौजदार तुरुंगात! छे हो. घाग हवालदार निर्दोष ठरले, आणि त्यांची आडरानातल्या मोखाड्याला बदली झाली. शिक्षा नव्हे म्हणे, नुसती बदली. फौजदारांना तुपाबद्दल लेखी समज मिळाली. पुढे त्यांना बढतीही मिळाली. मला साहेबांनी दम देऊन सोडलं, पण शाळेला पत्र गेलं. हेडमास्तरांनी माझ्याकडून नागरिकशास्त्र काढून घेतलं आणि चित्रकलेचे तास दिले. मला साधा आंबा काढता येत नव्हता. वसंताची नेमणूक लांबत लांबत राहिली, ती राहिलीच. शेवटी तो एका खाजगी कंपनीत चिकटला. कित्येक महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. "दादा, मीठ दे." एवढंच.

हवालदार निघाले त्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेलो. जावं की नाही, याचा तीनदा विचार करून गेलो. ट्रंका, वळकट्या, बायको. मुलगी आणि नातू सासरी पोचते केलेले. मी हात जोडून उभा राहिलो. 

"मास्तर, तुम्ही खरं बोललात तितं," ते म्हणाले. "फौजदारानं काय सांगितलं असंल तुम्हाला, मला ठाव हाय. ते मी विसरनार नाय."

"पण माझ्यामुळेच..."

"ते पन विसरनार नाय."

त्यांनी वळकटीची दोरी आवळली. मग म्हणाले, "चोर मला कवा काय आनून देत नाय, मास्तर. तो पळतो. आनून देनारी मान्सं सगळी चांगल्या घरची. धुतलेल्या कपड्यांची. मी किती डबे परत धाडले असतील! तुमचे पन धाडले असते. घरी नव्हतो, एवढंच जालं. आता इथं कुनालाबी विचारा, घाग हवालदार कोन? सांगतील, तो तूपवाला. चौकशीत सुटला, ते एकाला ठाव नाय. तूप समद्यांना ठाव हाय."

 बाई गाडीत चढताना थांबल्या आणि म्हणाल्या, "तूप मात्र खरं होतं हो, मास्तर. लेकीला लागलं ते."

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच आभार मानत होत्या. गाडी सुटली तरी मी तिथेच उभा.

सात-आठ वर्षं गेली. एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा चाललेला. एक नवा, तरुण शिक्षक आलेला. हुशार, वाचणारा. पोलिसांवर विषय निघाला आणि तो रंगात येऊन सांगू लागला, "अहो, इथे पूर्वी एक हवालदार होता म्हणे, साजूक तुपाचे दोन डबे घेतल्याशिवाय रिपोर्टच करायचा नाही!"

सगळे हसले. मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात, सर. आणि नुसती ऐकीव गोष्ट नाही ही. कोणा मास्तराने लेखी दिलेलं आहे. मास्तर माणूस खोटं कशाला लिहील?"

मी कप खाली ठेवला आणि त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. जसं आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. पडदा, दोन झाली, गावाहून आलंय, उंदीर, एस.टी. स्टँड. काही लपवलं नाही.  घंटा झाली तरी कोणी उठेना.

तो तरुण माझ्याबरोबर व्हरांड्यात आला. अगदी मनापासून, हलक्या आवाजात त्याने विचारलं, "सर, तुम्ही सांगितलंत ते पटलं. पण आता आपण दोघेच आहोत म्हणून विचारतो. थोडं तरी मागितलंच असेल ना हो त्यांनी?"

मला त्याचा राग यायला हवा होता. पण येईना. कारण पोरगा माझ्यापेक्षा कितीतरी बरा होता हो! त्याने निदान विचारलं तरी. मी तर न विचारताच डबे उचलले होते.